आधी कान, मग डोळा

प्रिय पोरी,

याम किम-फाय यांच्यावरचं तुझं प्रकरण परत पाठवतोय. लाल शाई जरा जास्त झाली, पण ती लागणारच होती. पुरुषाची भूमिका करणाऱ्या या नटीने तीनशेहून जास्त चित्रपट केले, म्हणून तू यादी करत बसलीस आणि शेवटी विचारतेस, यात कला कुठे शोधू? अगं, गळ्यात! त्या काळी हाँगकाँगात कितीतरी चित्रपट आठवड्याभरात उरकायचे. आकड्याला काय चाटायचंय?

'आवाज जाड करून पुरुष झाल्या' हे वाक्य आधी खोड. कँटनीज ऑपेरात, म्हणजे तिथल्या कँटनीज भाषेतल्या संगीत नाटकात, नायक पिंग-हाउ गातो, म्हणजे बोलण्याच्या पट्टीतला मोकळा गळा. नायिका जी-हाउ, म्हणजे वर चढवलेला बारीक गळा. यामबाई पिंग-हाउत, त्यांच्या नायिका बाक स्युत-सिन जी-हाउत. दोघीही बायकाच, तरी कानाला नायक-नायिका लगेच वेगळे कळतात. बालगंधर्वांशी तुलना सुचतेच, मलाही सुचली होती. त्या वेषाच्या कौतुकात माझा फार वेळ गेला, म्हणून तुझ्यावर एवढा चिडतोय. आधी कान, मग डोळा.

'डाय न्युय फा' घे. तोंग तिक-सांग यांनी 1957 साली सिन फुंग मिंग मंडळीसाठी लिहिलेलं नाटक, 1959 चा चित्रपट. शेवटचा प्रवेश, राजकन्या आणि तिचा नवरा लग्नाच्या रात्री विष घेतात तो, चारदा लाव. पहिल्यांदा पडदा झाकून: कोणती ओळ कोणाची, एवढंच लिही. चाल पिपा या चिनी तंतुवाद्याच्या जुन्या वादनातली आहे, ती गुणगुणता येईपर्यंत पुढे जाऊ नकोस. दुसऱ्यांदा फक्त तालवाद्यं. तिसऱ्यांदा चित्र: बाहीच्या टोकाला शिवलेलं लांब पांढरं रेशीम ओळीच्या आधी उडतं की सूर टेकल्यावर, ते बघ. उपशीर्षकं चौथ्यांदा. ती आधी लावलीस तर नजर पडद्याच्या तळाशी खिळते आणि हाताची हालचाल निसटते. शिवाय कँटनीजमध्ये शब्दाचा सूर बदलला की अर्थच बदलतो. चालीत शब्द बसवण्याचं तोंग यांचं कसब भाषांतरात उरत नाही, ते ऐकूनच कळतं.

आणि हो, मँडरिन उच्चाराने लिहिलेल्या रेन जियानहुई म्हणजे यामबाईच. तुझ्या यादीत त्या दोन बायका झाल्यात.

पहिल्या दोन फेऱ्यांची टिपणं सोमवारी पाठव. छायाचित्रं जोडू नकोस.

तुझे सर