तेलाची टाकी कंपनीच्या अंदाजावर सोडू नका

अमेरिकेत वूस्टरजवळ तेलावर तापणारे जुने घर घेतल्याचे, डिसेंबरात आईवडील भारतातून येणार असल्याचे आणि ‘ऑटोमॅटिक डिलिव्हरी (न मागवता वेळच्या वेळी तेल भरून देणे) आहे, टाकीकडे पाहायची गरज नाही’ असे तेल कंपनीने सांगितल्याचे आपण लिहिले आहे. नेमक्या याच परिस्थितीत आमचे अतोनात हाल झाले होते, म्हणून सविस्तर लिहितो.

कंपनी टाकी पाहत नाही, हिशेब पाहते. दिवसाचे सरासरी तापमान ६५ अंश फॅरनहाइटच्या जितके खाली, तितके त्या दिवसाचे ‘डिग्री डे’. त्यांची बेरीज आणि घराचा मागचा खप यांवरून तेल केव्हा संपेल ते ठरवतात. एरवी दिवसभर ६२ वर असलेला आमचा थर्मोस्टॅट आईबाबा आल्यावर अहोरात्र ७२ वर गेला आणि घर तापवणाऱ्या त्याच बॉयलरवर तापणारे आंघोळीचे पाणीही दुपटीने लागू लागले, याची त्या हिशेबाला खबरच नव्हती. टाकीवरच्या गेजमधील, म्हणजे तेलाची पातळी दाखवणाऱ्या मापकातील, लाल चकती पाव टाकीच्या खाली उतरलेली पाहून मी फोन केला, तर ‘आमच्या नोंदीप्रमाणे तुमच्याकडे अर्धी टाकी आहे’ एवढेच उत्तर मिळाले. गेजचा फोटो पाठवतो म्हटले, तर तो घेण्याची पद्धत नाही म्हणे. शनिवारी रात्री बर्फाच्या वादळात बॉयलर बंद पडला, आई दोन स्वेटरांवर रजई पांघरून बसली, आणि तातडीच्या फेरीचे पैसे वर आमच्याकडूनच घेतले गेले. ज्याच्या तळघरात टाकी आहे त्याचे ऐकून न घेणाऱ्या त्या कार्यालयाचा राग अजून गेलेला नाही.

माझे मत स्पष्ट आहे: ऑटोमॅटिक ठेवा, पण पाहुणे येणार हे आधी लेखी कळवा आणि दर आठवड्याला गेज स्वतः पाहा. नेहमीच्या २७५ गॅलनच्या टाकीत पाव म्हणजे साधारण ७० गॅलन. त्याच्या खाली जाऊ देऊ नका.

मी तंत्रज्ञ नाही, तेव्हा पुढचे आपल्या बर्नरवाल्याला (बॉयलरमधील तेल जाळणारा भाग दुरुस्त करणाऱ्याला) विचारून घ्या. तेल संपल्यावर बर्नर पुन्हा सुरू करण्याचे, रीसेटचे लाल बटण पुन्हापुन्हा दाबू नये, कारण न जळलेले तेल आत साचते. तेलाची गाडी येईपर्यंत पंपावरचे डिझेल टाकीत घातले तरी चालते, मात्र नळीतील हवा काढावी लागते. पूर्वीच्या मालकाने एखादी टाकी काढली असेल, तर तिचा भरण्याचा पाइप भिंतीबाहेर शिल्लक नाही ना, हे आजच पाहा. अशा पाइपातून तेल थेट तळघरात ओतले गेल्याची प्रकरणे घडली आहेत.

भरण्याचा आणि हवेचा, दोन्ही पाइप बर्फातून मोकळे ठेवा. तेल भरताना बाहेर पडणाऱ्या हवेने शिट्टी वाजते आणि ती थांबली की चालक नळी बंद करतो. पहिल्या फेरीला घरी थांबून शिट्टी नीट वाजते का, हे त्याला विचारा. वाजत नसेल, तर ती दुरुस्त होईपर्यंत तेल भरू देऊ नका.