बेडरूमला मोरपिशी द्यावा की मोतिया? दोन्ही पॅच शेजारी-शेजारी मारून बघितले, तरी ठरत नाही

शेजारी-शेजारी मारलेत, तिथेच घोळ झालाय. गडद रंगाला चिकटून फिका रंग असला की गडद आहे त्याहून काळपट दिसतो आणि फिक्यातली पिवळसर झाक उगाच वर येते. मीही हेच केलं होतं. तीन दिवस मोतिया मळकट वाटत होता, जवळजवळ बादच केला होता.

मग दोन मोठे पुठ्ठे घेतले, दोन-दोन फुटांचे. प्रत्येकावर दोन हात मारले, पूर्ण सुकू दिले (इमल्शन सुकल्यावर बहुतेक वेळा जरा गडद होतो, ओल्यावर काही ठरवू नका) आणि एका वेळी एकच पुठ्ठा भिंतीला टेकवून ठेवला. खिडकीच्या भिंतीवर मोरपिशी दिवसाही काळवंडलेला दिसायचा, कारण उजेड मागून येतो. तोच पुठ्ठा समोरच्या भिंतीवर नेला की खुलायचा. रात्री २७०० केल्विनच्या पिवळ्या दिव्यात तो हिरव्याकडे झुकला. मोतिया त्याच दिव्यात सायीसारखा दिसला, पण ६५०० केल्विनच्या पांढऱ्या दिव्यात अगदी दवाखाना. बेडरूम आपण जास्त करून रात्रीच बघतो, म्हणून मी रात्रीच्या दिसण्याला जास्त मार्क दिले.

आणखी एक. चारही भिंतींना तोच रंग दिला की भिंती एकमेकींवर रंग फेकतात, त्यामुळे पुठ्ठ्यावर दिसतो त्याहून तो भडक वाटतो. मोरपिशी चारही भिंतींना द्यायचाच असेल तर एक छटा फिका घ्या.

गडद रंगाचा खरा त्रास नंतर कळतो. मॅटमध्ये पाठ घासून घासून पलंगाच्या वर चकाकते डाग पडतात, चमकदार फिनिश घेतलं तर पुट्टीचे सगळे उंचवटे दिसतात. टचअपही लपत नाही.

तरी मोरपिशी सोडवत नव्हता, म्हणून फक्त उशाकडच्या भिंतीला दिला, बाकी तीन मोतिया. ती भिंत दारातून आत येताना दिसते. पडल्यावर डोळ्यांसमोर फिकी भिंत असते. एकच खिडकी असेल तर तुम्हालाही मी हेच सांगेन.

पुठ्ठ्यांचा कंटाळा असेल तर आज रात्री एका पॅचवर पांढरा कागद चिकटवा, उद्या रात्री दुसऱ्यावर. दिवा मात्र तोच ठेवा.