वेंगुर्ल्याला सायकलवर एकटा निघालास तर

बेळगावहून शिनोळी, चंदगडपर्यंत फारसं काही नाही. आंबोली घाटाच्या उतारावर मात्र ब्रेक सतत दाबून धरू नकोस, रिम तापते. दाबायचे, सोडायचे, मध्ये थांबून रिमवर पाण्याचा थेंब टाक, चर्र झालं तर दम खा.

तंबूची जागा नीट बघ बाळा. पुळणीवर वाळलेला पाला, काटक्या, शिंपल्यांची रेघ दिसते. तिथवर भरती आलेली असते. तिच्या बरंच वर जा. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, पाणी आणखी चढतं. एकदा मी तिथी बघितली नव्हती. रात्री दोनला भिजलेली पथारी उचलून अंधारात धावलो, ती भीती अजून आठवते. माडाखालीही झोपू नकोस. गावात विचारूनच मुक्काम कर.

शिरोड्याची मिठागरं बघ, १९३०चा मिठाचा सत्याग्रह तिथं झाला. चेन रोज पुसून तेल दे, खारा वारा लगेच गंज चढवतो.