वाचक विचारतात : सोलापूरच्या उन्हात खाऱ्या पाण्याची टाकी

प्रश्न : हॉलमध्ये तीन फुटी रीफ टाकी (खाऱ्या पाण्यातल्या प्रवाळांची आणि माशांची) करायची आहे. घर पहिल्या मजल्यावर आहे. विक्रेत्याने दिलेल्या यादीत एलईडी दिवा सगळ्यात महाग आहे आणि तोच आधी घ्या असा आग्रह आहे. पैसे कशावर आधी घालावेत?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : दिवा शेवटी घ्या. टाकीत प्रवाळ यायला अजून दोन-तीन महिने आहेत. तोवर महागड्या दिव्याखाली फक्त शेवाळ वाढेल. सोलापुरात आधी काच आणि स्टँड, मग पाणी शुद्ध करण्याची सोय, मग थंडावा आणि वीज गेल्यावरची तयारी, हा क्रम आम्ही आग्रहाने सांगतो. इथल्या टाक्या दिवा कमी पडला म्हणून क्वचितच बसतात, एप्रिल-मे महिन्यात तापून बसतात.

९० × ४५ × ४५ सेंमीच्या टाकीत साधारण १८० लिटर पाणी मावते. वरच्या कडेला आडव्या पट्ट्या असतील तर १० मिमी काच चालते, पट्ट्या नको असतील तर १२ मिमी घ्या. ओव्हरफ्लोसाठी, म्हणजे वरचे पाणी खाली उतरवण्यासाठी, भोक पाडायचे असेल तर ती काच टफन्ड (तापवून कडक केलेली) नसावी, ड्रिल लावताच तिचा भुगा होतो. बाथरूमसाठीचे बुरशीरोधक सिलिकॉन वापरू देऊ नका, त्यातले औषध पाण्यात उतरते. जोड आठवडाभर सुकू द्या. मग टाकी ठरलेल्या जागी ठेवून साध्या पाण्याने काठोकाठ भरा आणि दोन दिवस तशीच राहू द्या.

पाणी, काच, दगड, वाळू, स्टँड आणि खालचा सम्प (पंप आणि गाळणी ठेवायची दुसरी टाकी) मिळून वजन साडेतीनशे किलोच्या घरात जाते. म्हणून टाकी खोलीच्या मध्यावर ठेवू नका. ती भिंतीलगत, बीमच्या रेषेत हवी, आणि शंका वाटली तर इमारतीच्या इंजिनिअरला आधी विचारा.

सम्पचा हिशेब बहुतेकांचा चुकतो. वीज गेली की सम्पमधले पाणी वर चढवणारा रिटर्न पंप थांबतो आणि वरच्या टाकीतले पाणी पाइपमधून उलटे खाली येते. पातळी नुसती अडीच सेंमी उतरली तरी ९० × ४५ च्या टाकीतून १० लिटर पाणी सम्पमध्ये येते. त्यात पाइपातल्या पाण्याची भर पडते. सम्पमध्ये पंप चालू असताना किमान १५ लिटरची जागा मोकळी हवी. रिटर्नच्या तोंडाशी, पाण्याच्या पातळीच्या जरा खाली, ५ मिमीचे भोक पाडा म्हणजे हवा शिरून सायफन तुटेल. या भोकात शेवाळ बसते, ते दर आठवड्याला काडीने मोकळे करा. पंप खरेदी करताना खोक्यावरच्या लिटर-प्रति-तास आकड्यावर जाऊ नका. तो पाणी शून्य उंचीवर ढकलतानाचा असतो. सव्वा ते दीड मीटर उंचीवर ताशी हजारभर लिटर मिळाले तरी पुरे. टाकीतला खरा प्रवाह टाकीच्या आतच पाणी ढवळणाऱ्या दोन वेव्ह पंपांनी द्यायचा. दोघांचा मिळून ताशी ४,००० ते ५,००० लिटर असावा.

प्रश्न : स्वयंपाकघरातल्या आरओच्या पाण्याचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) ४५ येतो. ते पाणी थेट वापरले तर चालेल का? बोअरचे पाणी फार जड आहे.
— एक वाचक, होटगी रोड

उत्तर : थेट नको. ४५ हा आकडा कशाचा आहे ते मीटर सांगत नाही. त्यात नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिका असू शकतात, आणि उडालेल्या पाण्याच्या रोजच्या भरणीतून ते टाकीत साठत राहतात. शिवाय पिण्याच्या बहुतेक आरओंत चवीसाठी एक नॉब असतो. तो आरओच्या पडद्यातून (मेम्ब्रेनमधून) गाळून आलेल्या पाण्यात थोडे कच्चे पाणी मिसळतो. काही यंत्रांत त्यापुढे मिनरलची नळीही असते. पडद्यातून निघालेली नळी या दोन्हींच्या आधी टी जोडून वेगळी काढा आणि तिथे पाणी मोजा. आकडा लगेच खाली आलेला दिसेल. या नळीला रंग बदलणाऱ्या डीआय रेझिनचा (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांचा) फिल्टर जोडा आणि बाहेर शून्य आले तरच ते पाणी टाकीसाठी भरा. रंग पालटू लागला की रेझिन बदला. पडदा जितके कमी टीडीएसचे पाणी देईल तितके रेझिन जास्त टिकते, म्हणून बोअरऐवजी उजनीचे नळाचे पाणी मिळत असेल तर तेच आरओला द्या. नळ काही दिवसांआड येतो, तेव्हा शुद्ध पाण्याचे दोन झाकणबंद कॅन कायम भरलेले असू द्या.

मीठ म्हणजे रीफसाठीचे सिंथेटिक मीठ. खाण्याचे किंवा मिठागराचे नव्हे. २० लिटरला साधारण ७२० ग्रॅम लागते. पाणी आधी, मीठ नंतर, तेही पंप चालू ठेवून मुठीमुठीने. मिठावर पाणी ओतले तर कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना धरून पांढरा गाळ होतो. तो पुन्हा विरघळत नाही, आणि मीठ आणि पैसे दोन्ही वाया जातात. खारटपणा ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग) हवा, म्हणजे २५ अंशांना विशिष्ट गुरुत्व १.०२६. रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर नव्हे, ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावर जुळवा.

प्रश्न : गेल्या मेमध्ये टाकीचे पाणी ३१ अंशांवर गेले. त्यातच दोन तास वीज गेली. दोन्ही क्लाउनफिश वर येऊन तोंड उघडत होते, लेदर कोरल (मऊ प्रवाळ) आक्रसले. चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) घेणे भागच आहे का?
— एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : आधी पंखे लावून पाहा. मुंबईच्या दमट हवेत जे जमत नाही ते सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात जमते. बाहेर ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक २२ अंशांच्या आसपास येतो. बाष्पीभवनाने पाणी जास्तीत जास्त कुठवर उतरू शकते याची ही हद्द. टाकी तिथवर जात नाही, पण तीन-चार अंश नक्की उतरते. एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे ६७० वॉट-तास उष्णता सोबत नेते. १२० मिमीचे, १२ व्होल्टचे दोन पंखे पाण्याच्या पृष्ठभागावर तिरके लावा, झाकण काढा आणि मासे उडी मारू नयेत म्हणून जाळी बसवा. डिजिटल थर्मोस्टॅटवर पंखे २६.५ ला सुरू, २६ ला बंद. थर्मोस्टॅटचा सेन्सर क्लिपने पक्का करा. हीटरही त्याच थर्मोस्टॅटवर असेल आणि सेन्सर पाण्याबाहेर पडला तर थंडीच्या रात्री टाकी उकळून निघेल.

खोलीत कूलर असेल तर तो खिडकीत, बाहेरची हवा ओढणारा हवा. बंद खोलीत फिरणारा कूलर दमटपणा साठवतो आणि टाकीवरचा पंखा निष्प्रभ होतो. पावसाळ्यात पंख्यांचा परिणाम घटतो, पण तेव्हा उष्माही कमी असतो. पंखे चालूनही पाणी २८ च्या वर राहत असेल तरच चिलर घ्या, आणि तो कॅबिनेटमध्ये कोंडू नका. चिलर पाण्यातली उष्णता काढून खोलीत टाकतो, म्हणून त्याला गॅलरी किंवा मोकळी खिडकी हवी.

पंख्यांची किंमत पाण्यात मोजावी लागते. दिवसाला चार ते सहा लिटर पाणी उडते, मीठ मात्र टाकीतच राहते. १८० लिटरांतून ५ लिटर गेले की खारटपणा ३५ वरून ३६ होतो. ही भरणी गोड्या, शून्य टीडीएसच्या पाण्यानेच करायची. फ्लोट असलेला ऑटो टॉप-ऑफ (उडालेले पाणी आपोआप भरणारे यंत्र) घ्या, पण त्याचा साठा २० लिटरांपेक्षा मोठा नको. फ्लोट अडकून सगळा साठा टाकीत गेला तरी खारटपणा ३१.५ पर्यंतच घसरतो. प्रवाळांना ताण पडतो, पण टाकी वाचते.

बर्फ थेट टाकू नका. एक लिटरची गोठवलेली बंद बाटली १८० लिटर पाणी जेमतेम अर्धा अंश उतरवते, तेव्हा फ्रीझरमध्ये चार बाटल्या तयार हव्यात.

तुमचे मासे मात्र उष्णतेपेक्षाही ऑक्सिजनअभावी धापत होते. २५ अंशांच्या समुद्री पाण्यात लिटरमागे सुमारे ६.८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३१ अंशांत ६.१. त्याच वेळी माशांची गरज वाढलेली असते, आणि दगडांतले जिवाणूही ऑक्सिजन वापरतच असतात. वीज गेल्यावर फक्त एक वेव्ह पंप आणि एअर पंप इन्व्हर्टरवर चालवा. दोन्ही मिळून २० वॉट धरले तर १५० एएचची बॅटरी अर्धी वापरूनही दिवसभर पुरते. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच घ्या, स्क्वेअर वेव्हवर साधे पंप तापतात आणि घरघरतात.

प्रश्न : शेजारी यंत्रमाग आहेत. टाकीच्या पाण्यावर दोन दिवसांत तेलकट पापुद्रा आणि तंतू साचतात.
— एक वाचक, पूर्व भाग

उत्तर : पापुद्रा हवेचा पाण्याशी संबंध तोडतो, म्हणून तो काढायलाच हवा. पृष्ठभागाचे पाणी दातेरी ओव्हरफ्लोवरून सम्पमध्ये आणि तिथे २०० मायक्रॉनच्या पिशवीत पडू द्या. पिशवी तीन दिवसांनी बदला. एक वेव्ह पंप वर वळवून पृष्ठभाग सतत हलता ठेवा. पंख्यांची पाती आणि स्किमरची (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राची) हवा ओढणारी नळी आठवड्याला पुसा, कारण कापसाचा एक तंतूही नळी अर्धी बंद करतो आणि फेस बसतो.

प्रश्न : मालवणला जाणार आहोत. किनाऱ्यावरचे प्रवाळाचे दगड आणले तर चालतील का?
— एक वाचक, सात रस्ता

उत्तर : नाही. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते उचलणे हा गुन्हा आहे, मेलेला तुकडासुद्धा. मालवणचा सागरी भाग १९८७ पासून अभयारण्य आहे. टाकीसाठी कोरडा ॲरागोनाइट (चुनखडीचा एक प्रकार) किंवा सिरॅमिक दगड १५ ते १८ किलो घ्या. मासेही पाळीव पैदाशीचे मागा. क्लाउनफिशच्या पैदाशीचे तंत्र कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विकसित केलेले आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेली जोडी घेण्याचे कारण उरत नाही.

प्रश्न : टाकीला वीस दिवस झाले. पाणी आरपार स्वच्छ, पण वाळूवर तपकिरी थर आला आहे. मासे कधी सोडू?
— एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : पाणी स्वच्छ दिसण्यावर जाऊ नका. माशांना घातक अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. १८० लिटरांत सुमारे १.१ ग्रॅम शुद्ध अमोनियम क्लोराइड विरघळवा, म्हणजे अमोनिया २ पीपीएम (दहा लाखांत २ भाग) होईल. चोवीस तासांत तो शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य असेल तरच दगडांत अमोनिया पचवणारे पुरेसे जिवाणू झाले असे समजा. याला तीन ते सहा आठवडे लागतात. तपकिरी थर डायाटमचा, म्हणजे सूक्ष्म शेवाळाचा आहे. तो सिलिकावर वाढतो आणि आपोआप ओसरतो. तोवर दिवा पाच-सहा तासच लावा आणि पाण्याचा टीडीएस पुन्हा तपासा.

चाचणी उतरली की आधी एक-चतुर्थांश पाणी बदला, मग दोन लहान क्लाउनफिश सोडा आणि पुढचा मासा तीन आठवड्यांनी. माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके (परजीवीची लागण) दिसले तर मासे वेगळ्या टाकीत काढून तिथेच तांब्याचे औषध द्या. मुख्य टाकी ७६ दिवस बिनमाशांची ठेवा, म्हणजे माशांविना परजीवी संपतो. तांबे तिथे एकदा गेले की दगड ते शोषतात, आणि गोगलगायी, कोळंबी आणि प्रवाळ यांना ती टाकी पुढे सोसत नाही.