रानडुकराला कोणती गोळी?

प्रश्न : टेक्सासमध्ये आमची थोडी शेतजमीन आहे. रानडुकरं मका उद्ध्वस्त करतात. .३०८ रायफल आहे; गोळी कोणती घेऊ?

उत्तर : १५० ते १६५ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं एकक), बाँडेड म्हणजे शिशाचा गाभा आवरणाला घट्ट जोडलेली, किंवा निव्वळ तांब्याची घ्या. थोराड नराच्या खांद्यावर जाड, चिवट ढाल असते. पटकन फुटणारी हलकी गोळी तिथेच विस्कटते आणि जखमी जनावर झाडीत घुसतं. रात्री त्याचा माग काढायला मी तरी येणार नाही! सरावाची, पूर्ण धातूच्या आवरणाची स्वस्त गोळीही नको; ती न पसरता आरपार जाते. नेम पुढच्या पायामागे, पण खाली धरा. डुकराचं हृदय बरंच खाली असतं. शिकारीच्या परवान्याचं म्हणाल, तर टेक्सासमध्ये खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने २०१९पासून रानडुकरासाठी तो लागत नाही.