वाचकांचे प्रश्न : जुन्या ब्रिटिश पोलीस मालिकांची ओढ

प्रश्न : गेले काही महिने मी 'द स्वीनी' ही १९७० च्या दशकातली ब्रिटिश पोलीस मालिका पाहते आहे. चित्र दाणेदार आणि काळवंडलेले आहे, पाठलाग आजच्या मानाने साधे आहेत, आणि ज्याला नायक म्हणायचे तो अधिकारी संशयितांवर हात टाकतो, वरिष्ठांशी खोटे बोलतो, भरपूर पितो. हे सारे खटकत असूनही एक भाग संपला की दुसरा लावल्यावाचून राहवत नाही. या ओढीचे कारण काय असावे? आणि असा पोलीस आवडणे म्हणजे त्याच्या वागण्याला संमती देणे होते का?
— एक वाचिका

उत्तर : आपले दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. त्यांची उकल करायची तर त्या काळच्या प्रेक्षकाच्या मनात कोणता पोलीस ठसलेला होता ते आधी पाहावे लागते. १९५५ साली बीबीसीवर 'डिक्सन ऑफ डॉक ग्रीन' सुरू झाली. लंडनच्या ईस्ट एंडमधल्या एका काल्पनिक ठाण्यातला हा वत्सल, वडीलधारा पोलीस प्रत्येक भागाच्या आरंभी प्रेक्षकांना अभिवादन करी आणि शेवटी त्यांच्याशी समजुतीचे चार शब्द बोले. जॅक वॉर्नर यांनी १९७६ पर्यंत, म्हणजे वयाच्या ८० व्या वर्षापर्यंत ही भूमिका केली. या प्रतिमेला पहिला तडा १९६२ मध्ये 'झेड-कार्स'ने दिला. ट्रॉय केनेडी मार्टिन यांच्या या मालिकेतले पोलीस लिव्हरपूलजवळच्या एका नव्या वसाहतीत मोटारींतून गस्त घालत, आणि पहिल्याच भागात एका शिपायाच्या बायकोचा डोळा त्याच्या मारामुळे काळानिळा झालेला दिसला. लँकशायरच्या पोलीस प्रमुखांनी त्यावर आक्षेप घेतला. पोलीस घरी कसा वागतो हे दाखवणे म्हणजे दलाची बेअब्रू करणे, अशी तेव्हाची समजूत होती.

'द स्वीनी' ही ट्रॉय यांचे बंधू इयन केनेडी मार्टिन यांची निर्मिती. लंडनच्या कॉकनी बोलीत यमक जुळवून टोपणनावे पाडण्याची रीत आहे. मेट्रोपॉलिटन पोलिसांच्या 'फ्लाइंग स्क्वाड'शी 'स्वीनी टॉड' हे कथांतल्या एका खुनी न्हाव्याचे नाव जुळले आणि त्याचे पुढे नुसते 'स्वीनी' झाले. सशस्त्र दरोड्यांचा तपास करणाऱ्या या पथकाच्या कथा १९७५ ते १९७८ या काळात ५३ भागांत आल्या. डिक्सन अजून पडद्यावर होता, त्यामुळे वर्षभराहून अधिक काळ ब्रिटिश प्रेक्षकांसमोर एकाच वेळी दोन पोलीस उभे होते : एक त्यांना हवासा वाटणारा, आणि दुसरा खरोखरच आपल्या रस्त्यावर असावा असा दाट संशय येणारा.

आता त्या काळवंडलेल्या चित्राविषयी. त्या काळातली बहुतेक ब्रिटिश नाटके घरातली दृश्ये स्टुडिओत व्हिडिओ कॅमेऱ्यांनी आणि बाहेरची फिल्मवर टिपत, त्यामुळे पात्राने दार उघडून बाहेर पाऊल टाकले की चित्राचा पोतच बदले आणि भिंती पुठ्ठ्याच्या आहेत याची आठवण होई. थेम्स टेलिव्हिजनच्या युस्टन फिल्म्स या उपकंपनीने ही पद्धत सोडली आणि संपूर्ण मालिका १६ मिलिमीटर फिल्मवर, बहुतांशी लंडनच्या खऱ्या जागी चित्रित केली. एका भागाच्या चित्रणाला साधारण दहा दिवस मिळत. इतक्या थोड्या वेळात नीट प्रकाशयोजना करणे शक्य नव्हते. हिवाळ्यातला जो उजेड मिळेल तो घ्यायचा, कॅमेरा हातात धरायचा आणि धावणाऱ्या नटाच्या मागे धावायचे. आपल्याला दिसणारे दाणे या घाईतून आलेले आहेत, आणि मला ते फार मोलाचे वाटतात. लंडनच्या गोद्या तेव्हा एकेक करून बंद पडत होत्या. ओसाड धक्के, रिकामी गोदामे, भंगाराची आवारे आणि पाडकामाची मैदाने मालिकेला आयती मिळाली. १९८० च्या दशकात त्या भागाचा पुनर्विकास सुरू झाला आणि ते शहर गेले; ते जपून ठेवण्याचा कोणाचाही हेतू नसताना ते इथे जपले गेले आहे.

मालिकेचा नायक जॅक रेगन याची भूमिका करणारे जॉन थॉ मालिका सुरू झाली तेव्हा जेमतेम ३३ वर्षांचे होते, पण त्यांच्या चेहऱ्यावरचा शिणवटा पन्नाशीतल्या माणसाचा वाटतो. रेगन घटस्फोटित आहे, मुलीला क्वचित भेटतो, आणि त्याचा निम्मा वेळ दरोडेखोरांशी, तर निम्मा स्वतःच्या वरिष्ठांशी झगडण्यात जातो. गुन्हेगार कोण हे बहुतेक वेळा आपल्याला आधीच कळलेले असते. उत्सुकता असते ती खटला उभा कसा राहील याची. पोलीस तपास हे कारकुनी, खबऱ्यांच्या मिनतवाऱ्या आणि अपुरी झोप यांनी भरलेले काम आहे, हे या मालिका ज्या प्रामाणिकपणे दाखवतात त्यात आपल्या ओढीचे मुख्य कारण आहे, असे माझे मत आहे.

संमतीच्या प्रश्नाला मात्र मी सोपे उत्तर देणार नाही. १९८४ चा पोलीस आणि फौजदारी पुरावा कायदा येण्यापूर्वी इंग्लंडमध्ये संशयिताची चौकशी ध्वनिमुद्रित करण्याचे बंधन नव्हते. बंद खोलीत काय बोलणे झाले याची नोंद पोलीस अधिकारीच आपल्या वहीत करी, आणि न बोललेली कबुली आरोपीच्या तोंडी घालण्याला तिथे 'व्हर्बलिंग' असे नावच पडले होते. हे ध्यानात ठेवून रेगनच्या चौकशीची दृश्ये पुन्हा पाहा. त्या खोलीत आपल्याखेरीज दुसरा साक्षीदार नसतो. मालिका चालू असतानाच, १९७७ मध्ये, फ्लाइंग स्क्वाडच्या एका माजी प्रमुखाला भ्रष्टाचाराबद्दल कारावास झाला. म्हणजे पडद्यावरचा पोलीस बेताल आहे ही कल्पना लेखकांनी हवेतून आणलेली नव्हती.

रेगन पैसे खात नाही, एवढ्या एका आधारावर मालिका त्याला आपल्या बाजूला ठेवते. हा आधार पुरेसा आहे का, असा प्रश्न १९७८ मध्ये जी. एफ. न्यूमन यांनी 'लॉ अँड ऑर्डर' या बीबीसीवरील चार नाट्यांतून विचारला. एकच प्रकरण तिथे क्रमाने डिटेक्टिव्ह, गुन्हेगार, वकील आणि कैदी यांच्या बाजूने दिसते. सराईत दरोडेखोराला त्याने न केलेल्या दरोड्यात अडकवले जाते, आणि ते करणारा अधिकारी यत्किंचितही अस्वस्थ होत नाही. यावरून संसदेपर्यंत वादळ उठले. आपल्याला रेगन आवडतो याची टोचणी लागली असेल, तर ही चार नाट्ये अवश्य पाहावीत. ती पाहिल्यावरही मला रेगन आवडतो, पण आता मी त्याच्यावर नजर ठेवून असतो. 'द स्वीनी'च्या अखेरच्या भागात त्याच्यावरच लाचखोरीचा संशय येतो आणि इतरांना जिथे डांबले त्या कोठडीत त्याला बसावे लागते. निर्दोष ठरल्यावर तो कामावर परत जात नाही, नोकरी सोडतो.

प्रश्न : या जुन्या मालिकांत स्त्रिया पोलिसांच्या बायका, मैत्रिणी किंवा बळी म्हणूनच येतात. हे सहन करून त्या पाहाव्यात का?
— एक वाचक

उत्तर : आक्षेप रास्त आहे, आणि 'द स्वीनी'पुरता तरी तो खोडून काढता येणार नाही. मात्र १९८० मध्ये चित्र बदलले. त्या वर्षी 'द जेंटल टच'मध्ये जिल गॅस्कोइन यांनी डिटेक्टिव्ह इन्स्पेक्टरची भूमिका केली, आणि काही महिन्यांतच बीबीसीवर 'ज्युलिएट ब्राव्हो' आली, जिच्यात उत्तर इंग्लंडमधल्या एका गावाचे ठाणे एक स्त्री सांभाळते. ही दुसरी मालिकाही इयन केनेडी मार्टिन यांचीच, हे मुद्दाम नोंदवावेसे वाटते. त्यानंतर १९९१ ची 'प्राइम सस्पेक्ट' पाहावी. हेलन मिरन यांच्या जेन टेनिसनला खुनाचा तपास मिळतो तोही आधीचा पुरुष अधिकारी हृदयविकाराने दगावल्यावर, आणि तिच्या हाताखालचे लोक तिला दाद देत नाहीत. 'द स्वीनी' आधी पाहिलेली असेल, तर त्या खोलीतले पुरुष कोणत्या मुशीतून आले हे आपल्याला वेगळे सांगावे लागणार नाही.