नेमणूकपत्रातलं ते एक कलम

पगार कंपनीचा म्हणजे पेटंटही आपोआप कंपनीचं, असं भारतात नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 मध्ये मालकाच्या बाजूने तशी तरतूद आहे. 1970 च्या पेटंट कायद्यात नाही. तिथे कलम 6 प्रमाणे अर्ज करायचा हक्क खऱ्या आणि पहिल्या संशोधकाचा, किंवा त्याने ज्याला तो लिहून दिला त्याचा.

म्हणून आधी नेमणूकपत्र काढा. 'कामाच्या ओघात लागलेले शोध' आणि 'नोकरीच्या काळातले सर्व शोध' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरी शब्दरचना असेल, तर रविवारी घरी स्वतःच्या खर्चाने केलेल्या कामावरही कंपनी दावा सांगू शकते. हे बदलून घ्यायची वेळ रुजू होण्याआधीची. जुने शोध असतील तर तारखांसकट यादी करून पत्राला जोडा.

पुढे कंपनी फॉर्म 1, म्हणजे पेटंटच्या अर्जाचा फॉर्म, सहीला आणते. त्यातली संशोधकाची घोषणा म्हणजे कंपनीच्या हक्काचा पुरावा. ती सही नसेल तर वेगळं हस्तांतरपत्र लागतं, आणि पुरावा अर्जापासून 6 महिन्यांत द्यायचा असतो, घाई त्याचीच. मोबदल्याचं बोलणं सहीआधी उरका, कारण कायद्यात त्याची सक्ती नाही. हक्क दिला तरी संशोधक म्हणून नाव तुमचंच राहतं. ते गाळलं असेल तर कलम 28 खाली मागणी करता येते.

आणि चिडून परस्पर परदेशात अर्ज टाकू नका. भारतात राहणाऱ्याला कलम 39 ची परवानगी लागते, नाहीतर इथे अर्ज करून 6 आठवडे थांबावं लागतं.